पॉम्पेई, काकूंचे गुडघे आणि आपली जुनी बाई

प्रिय नंद्या,

तीन महिने तुला उत्तर नाही. भेटलास की काय झापायचं ते झाप. माझा बीपी ठीक, गोळी चालू. पण काकूंना घेऊन तू इटलीतल्या पॉम्पेईला, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या त्या रोमन शहरात, आपल्या जुन्या बाईचं (तिथे सापडलेल्या त्या भारतीय हस्तिदंती मूर्तीचं) घर बघायला निघालायस हे कळल्यापासून त्यांच्या गुडघ्यांपलीकडे दुसरं काही सुचत नाही.

नेपल्सहून सोरेंतोची लोकल धर आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी'ला उतर. दुसऱ्या मार्गावरही पॉम्पेई नावाचं स्टेशन आहे, तिथे जाऊ नकोस. समोरच पोर्ता मारिना दरवाजा आहे, सगळे तिथूनच घुसतात. पण तो चढ काकूंना नको. त्यांना पियात्सा अँफितियात्रोकडून आत ने. तिथून 'सर्वांसाठी पॉम्पेई' हा 3 किमीहून लांब सपाट रस्ता केलाय. मूळ रस्ते लाव्हाच्या काळ्या फरश्यांचे. फटींत टाच अडकते, गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाय मुरगळतो, आणि पावसात तर काचेवर चालल्यासारखं होतं. रस्ता ओलांडायला मध्ये उंच धोंडे ठेवलेत, कारण पाणी आणि घाण रस्त्यावरूनच वाहायची. दोन धोंड्यांतली फट चाकांसाठी. काकूंना त्यावरून उड्या मारायला लावू नकोस! काठी घे, पिशवी छोटी ठेव (30×30×15 सेंमीपेक्षा मोठी आत नेता येत नाही). तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. सावली जवळजवळ नाहीच, म्हणून सकाळी दार उघडतानाच पोच.

तिथलं उत्खनन करणाऱ्या फियोरेल्लीने 1858 मध्ये शहराला पत्ते दिले: भाग, घरांचा चौक, दार. ही पद्धत कळली की नकाशा आपोआप सुटतो. आपल्या बाईचं घर 1-8-5, व्हिया देल्लाब्बोंदांत्सावर. त्याच चौकात 1-8-8 ला खानावळ आहे. ओट्यात पुरलेले रांजण दिसले की बरोबर आलास. त्यातल्या एका रांजणात जवळपास 3 किलो नाणी सापडली होती.

पण बाई तिथे नाही रे! 1938 मध्ये सापडली आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेली. ते मंगळवारी बंद असतं. 'गुप्त दालना'त विचार. ते कामुक वस्तूंचं दालन, तेव्हा काकूंना बाहेर बाकावर बसवायचं का ते तूच ठरव.

हस्तिदंताची, जेमतेम वीतभर. इसवी सन 79 ला राखेखाली गेली, म्हणजे त्याआधीच आपल्याकडून निघालेली. तू अजून तळावरचं खरोष्ठी (वायव्य भारतातली जुनी लिपी) अक्षर दाखवून तिला वायव्येची ठरवशील. मी आपल्या मराठवाड्यातली तेर आणि भोकरदन ही जुनी गावं सोडणार नाही. त्या दोन्हीकडच्या हस्तिदंती बायका तिच्या सख्ख्या बहिणी वाटतात. नुसतं अक्षर कोरलंय म्हणून ती तिकडची होत नाही. माल हातोहात जातो आणि खुणा वाटेत कुणीही करतं. डोक्यात वरून भोक आहे, ते नीट बघ. ती नुसती मूर्ती नसून कशाचा तरी पाय किंवा मूठ असावी.

घराच्या कर्जाचं झालं का? छोटीची दहावी कशी गेली?

आणि फोटो समोरून काढू नकोस, तो सगळीकडे आहे. मागून काढ, वेणी दिसेल असा. तेरच्या बाईशेजारी ठेवून बघायचाय.

तुझा,
बाळ्या