महाग बुटांतला दोष पॉलिशखाली का लपवता?

मा. संपादक,

तुळशीचं लग्न आटोपलं की नागपुरात बस्त्याची गडबड सुरू होते. हल्ली नवरदेवाच्या सूट-शेरवानीसोबत बूटही वीस-पंचवीस हजारांचे घेतले जातात. हायकोर्टातले वकील, डॉक्टर, नव्याने नोकरीला लागलेली मुलं, सगळेच चांगल्या चामड्याच्या बुटांवर पैसे खर्च करू लागले आहेत. सदरला माझं बूट दुरुस्तीचं आणि फिनिशिंगचं काम आहे. आरी-रापी वडिलांच्या हाताखाली शिकलो, पुढे आग्र्याला कारखान्यात फिनिशिंगच्या टेबलावर काम केलं. माझ्याकडे येणारे कितीतरी महाग बूट झिजलेले नसतात, कोरे असतात. सोबत डबा आणि बिल असतं, आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, दुकानवाला म्हणते, असली लेदर आहे, असं राहतेच. खरं आहे का?"

हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे बुडतात, म्हणून हे पत्र.

चामडं जनावराचं असतं. त्यावर शिरांच्या रेषा असतात, मानेजवळच्या वळ्या असतात, गोचिडाचे ठिपके आणि काट्याकुंपणाने ओरखडून भरून आलेल्या जखमा असतात. भरलेल्या जखमेवरून बोट फिरवलं तर ते अडत नाही. कातडी तिथे मिटलेली असते, फक्त रंग थोडा गडद किंवा फिका बसतो. असं चामडं वाईट नव्हे. चांगला कारखाना असा भाग बुटाच्या जिभेखाली किंवा आतल्या बाजूला वापरतो आणि पुढच्या भागासाठी पाठीकडचं घट्ट चामडं राखून ठेवतो. पण ज्या ओरखड्याच्या कडा उचललेल्या आहेत, ज्यात बारीक तंतू दिसतात, तो जनावराच्या अंगावरचा नाही. तो कारखान्यात, वाहतुकीत किंवा दुकानाच्या मांडणीत पडलेला आहे. त्याला "असली लेदर" हे उत्तर चालत नाही.

परवा एका तरुणाने साखरपुड्यासाठी घेतलेले तपकिरी ऑक्सफर्ड, म्हणजे लेसचे फॉर्मल बूट, आणले. डाव्या बुटाच्या टोवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रुपयाएवढा डाग होता. दुकानात त्याला सांगितलं होतं, दोनदा पॉलिश मारा, मिसळून जाईल. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तो डाग दिसलाही नसता. मी बूट दारात उन्हाकडे तिरपा धरला, तर त्या जागेची चमक टोच्या बाकीच्या भागापेक्षा वेगळी, वरून पापुद्रा बसल्यासारखी होती. पांढरा कपडा किंचित ओला करून दोन्ही टोवर सारखाच घासला. उजव्या बुटाचा कपडा जवळपास कोरा राहिला, डाव्याचा तपकिरी झाला. रंगीत मेण उतरल्यावर खाली ग्रेन, म्हणजे चामड्याचा मूळ वरचा थर, घासून काढलेला दिसला, अगदी लव उभी राहिलेली. कुठला तरी ओरखडा पॉलिशपेपरने घासून वर रंगाचा थर दिला होता. हे कुणी केलं, कारखान्याने की दुकानाने, मला ठाऊक नाही. पण केलेलं होतं आणि पूर्ण किमतीत विकलेलं होतं. मुलगा परत गेला तेव्हा दुकानाने बिलावरची ओळ दाखवली : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेवटी साखरपुड्याची तारीख जवळ आली आणि तो बूट माझ्याच टेबलावर आला.

दुरुस्ती कशी होते हे वाचकांना कळावं. आधी जिभेखाली, जिथे दिसत नाही तिथे, क्लीनर लावून पाहायचा. चामड्याचा मूळ रंग उतरत नसेल तरच पुढे जायचं. मग टोवरचं जुनं मेण पूर्ण काढायचं. उभे तंतू हजार नंबरच्या पेपरने अगदी हलक्या हाताने बसवायचे आणि खोलगट असेल तर पातळ फिलर भरायचा. रंग नेहमी फिक्याकडून गडदकडे न्यायचा, कारण गडद करता येतं, परत फिकं करणं फार कठीण. पातळ हात, पूर्ण वाळवण, पुन्हा पातळ हात. त्यानंतर क्रीम आणि सगळ्यात शेवटी थोडं मेण. आरशासारखी चमक टो आणि टाचेपुरतीच ठेवायची. तिथे चामडं वाकत नाही. जिथे पाऊल मुडपतं तिथे मेणाचे थर चढवले तर चार दिवसांत पांढरे तडे जातात. एवढं करून हातभर अंतरावरून डाग दिसत नाही, पण घासला गेलेला ग्रेन काही परत येत नाही. त्या जागेला आयुष्यभर जास्त जपावं लागतं.

काही दोष कोणताही कारागीर दुरुस्त करू शकत नाही. बूट हातात घेऊन बोटं मुडपतात तिथे हलकेच वाकवा. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर चामडं घट्ट आहे. जाड, फुगीर वळ्या उठल्या आणि वरचा थर खालच्या थरापासून सुटल्यासारखा वाटला तर ते पोटाकडचं ढिलं चामडं समजा. ते क्रीमने घट्ट होत नाही. तसंच सगळीकडे एकसारखं, एकही रंध्र न दिसणारं चामडं पाहून खूश होऊ नका. बऱ्याचदा वरचा ग्रेन तासून त्यावर रंगाचा जाड थर दिलेला असतो. "जेन्युइन लेदर" हा शिक्का त्यावरही असतो. शेवटी दोन्ही बूट शेजारी ठेवून बघा. हाताने रंगवलेल्या बुटात छटा असणारच, ती त्याची शोभा आहे, पण डावा-उजवा एकाच घरचे वाटले पाहिजेत.

उलट बाजूही सांगतो, कारण दुकानदारावर अन्याय नको. डिसेंबरात थंडी पडली की बुटांवर पांढरट बुरशी आली म्हणून लोक भांडतात. हेअर ड्रायरची कोमट हवा लावा. पांढरेपणा विरघळून गेला तर ती चामड्यातली चरबी किंवा मेण वर आलेलं आहे, मऊ कपड्याने पुसलं की झालं. गेला नाही आणि ओल्या कपड्याने विरघळला, तर घामाचं किंवा पाण्याचं मीठ. खरी बुरशी ठिपक्याठिपक्यांची, केसाळ असते, तिला कुबट वास येतो आणि ती बहुतेक आपल्याच पावसाळ्यात, बंद कपाटात धरते. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेले बूट तडकले तर तो बनवणाऱ्याचा दोष नाही.

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावात पिढ्यान्‌पिढ्या उंची बूट बनतात. तिथल्या कारखान्यांच्या दुकानांत बारीक दोष राहिलेले जोड 'सेकंड' म्हणून वेगळे, कमी किमतीत विकले जातात. गिऱ्हाईक डाग बघून, समजून घेतं. आपल्या शहरात हे का होऊ नये? पंचवीस हजारांचा जोड टोवरच्या ओरखड्यासकट सतरा हजारांत मिळाला तर आनंदाने घेणारे कितीतरी लोक मी ओळखतो. दोष असणं गुन्हा नाही, तो रंगाखाली दाबून पूर्ण पैसे घेणं चूक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर काहीही छापलं तरी हा हक्क जात नाही. दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. फक्त तोवर बूट घालून रस्त्यावर उतरू नका आणि माझ्यासारख्याकडे दुरुस्तीला देऊ नका. आधी उजेडात फोटो काढा, दुकानाला लेखी कळवा. हात लागलेल्या बुटाचा मूळ दोष दाखवणं अवघड जातं.

सीताबर्डी, धरमपेठ, सदरच्या दुकानदारांना माझी विनंती आहे : बिलावर चामड्याचा प्रकार आणि फिनिश लिहा, सेकंड असेल तर तसा शिक्का मारा आणि दारात, उजेडात बूट पाहू द्या. विक्रीला उभ्या मुलांना चामडं ओळखायला शिकवा. फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटचं केंद्र इथून जवळच, छिंदवाड्याला आहे. व्यापारी संघटनांनी मनावर घेतलं तर लग्नसराईच्या आधी तिथल्या शिक्षकांना बोलावून दोन दिवसांचा वर्ग सहज घेता येईल. त्या वर्गात आम्हा दुरुस्तीवाल्यांनाही बसू द्यावं.

– एक बूट कारागीर, सदर, नागपूर