सुरतेचं भांडण

रत्नागिरी,
१४ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "त्याच्याच जहाजावर जायचंय तर जातो, पण त्या कॅप्टनशी कामापलीकडे एक शब्द बोलणार नाही." मला त्या वेळी काही सुचलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय. गँगवेवर, जहाजावर चढायच्या शिडीवर, सगळ्या खलाशांसमोर त्याने तुझा पाणउतारा केला. चूक त्याचीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी ही हकीकत शेवटपर्यंत वाच.

मागच्या खेपेला आम्ही ऑस्ट्रेलियात क्विनाना बंदराला गहू भरत होतो. काही तास सुट्टी मिळाली तेव्हा जवळच्या फ्रीमँटलच्या संग्रहालयात गेलो. तिथे 'बाटाव्हिया' या डच जहाजाचा मागचा भाग समुद्राच्या तळातून काढून पुन्हा उभा केलाय. ओकच्या काळ्या पडलेल्या फळ्यांसमोर उभं राहून वर बघितलं आणि घसा कोरडा पडला. एवढं भक्कम जहाज, आणि पहिल्याच सफरीत गेलं.

डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे जहाज ऑक्टोबर १६२८च्या अखेरीस हॉलंडमधल्या टेक्सेलहून जाव्याकडे निघालं. जवळजवळ ३४० माणसं आणि चांदीच्या नाण्यांच्या १२ पेट्या. पण वैर त्याच्याही आधीचं होतं आणि ते सुरतेत पेटलं होतं. फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा कंपनीचा व्यापारी कित्येक वर्षं आग्र्याला होता. तिथून परतताना सुरतेला आरियान याकब्झ या कप्तानाने इतर व्यापाऱ्यांसमोर त्याचा अपमान केला. मग कंपनीने दोघांना एकाच जहाजावर घातलं, आणि वर पेल्सार्टला मुख्य केलं. त्या कंपनीची रीतच तशी होती. जहाज हाकायचं समुद्रात मुरलेल्या कप्तानाने, पण शेवटचा शब्द व्यापाऱ्याचा. तूच सांग, याकब्झला ते कसं गिळवलं असेल?

एप्रिल १६२९ मध्ये जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केपला थांबलं. याकब्झने ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजांवर जाऊन दारूच्या नशेत धिंगाणा घातला. पेल्सार्टने त्याला सुनावलं. पुन्हा अपमान. पण या वेळी ऐकून घेणारा आणि त्यात तेल ओतणारा एक जण सोबत होता: येरोनिमस कॉर्नेलिझ. हार्लेमचा दिवाळं निघालेला औषधविक्रेता, हाताखालचा व्यापारी म्हणून चढलेला. जहाज ताब्यात घ्यायचं, चांदी घेऊन चाचेगिरी करायची, असं त्यांचं कुजबुजत ठरलं. या कटाबद्दलच्या बऱ्याच कबुल्या पुढे पाण्याचा छळ करून काढलेल्या आहेत, त्यामुळे शब्दन् शब्द मी खरा धरत नाही. पण पुढे जे घडलं, ते मला असह्य होतं.

लुक्रेशिया यान्स नावाची एक बाई नवऱ्याकडे निघाली होती. एका रात्री तोंडं झाकलेल्या माणसांनी तिला धरलं आणि अंगाला डांबर नि घाण फासली. तिने सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, यान एव्हर्ट्सला, आवाजावरून ओळखलं. हेतू असा, की पेल्सार्टने चिडून खलाशांना कडक शिक्षा कराव्यात आणि त्या रागात सगळं जहाज उठावं. दोन पुरुषांच्या मानापमानात त्या बाईचा काय संबंध होता? पेल्सार्ट आजारी होता. त्याने कोणालाच बेड्या घातल्या नाहीत, म्हणून बंड झालंच नाही.

४ जूनला पहाटेआधी पहाऱ्यावरच्या माणसाला पुढे पांढरं काहीतरी दिसलं. याकब्झ म्हणाला, चांदण्याची चमक आहे. त्या लाटा होत्या. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला आब्रोलोस बेटांजवळच्या प्रवाळावर जहाज चढलं.

आता ऐक. तेच दोन वैरी, एकूण ४८ माणसं घेऊन, उघड्या होडीतून ३३ दिवसांत जाव्याला पोहोचले. एकही माणूस दगावलं नाही! आपण दोघांनी समुद्र बघितलाय, हे किती अवघड आहे ते आपल्याला कळतं. याकब्झच्या हातात तेवढी विद्या होती. जीव वाचवायची वेळ आली तेव्हा त्यांना एका होडीत बसता आलं, सुहास. मग त्याआधीचे सात महिने का नाही जमलं? पोहोचल्यावर पेल्सार्टच्या तक्रारीवरून याकब्झ कैदेत गेला आणि सारंग फासावर.

मागे बेटांवर राहिलेले कॉर्नेलिझच्या तावडीत सापडले. त्याच्या टोळीने शंभराहून जास्त माणसं मारली. धर्मगुरूची बायको आणि सहा मुलं एकाच रात्री. व्हीबे हेस हा साधा शिपाई दुसऱ्या बेटावर पाणी शोधून, दगडांची भिंत रचून लढला, म्हणून काही जण वाचले. सप्टेंबरात पेल्सार्ट 'सारडाम' जहाज घेऊन परतला. कॉर्नेलिझचे हात तोडून त्याला फाशी दिली. वर्षभरात पेल्सार्टही गेला.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण ज्युनियर असताना मी एका जहाजावर होतो, तिथे कॅप्टन आणि चीफ इंजिनियर बोलत नसत. निरोप माझ्या तोंडून जायचे. जनरेटर दोन दिवस कुरकुरत होता, चीफने ब्रिजवर, जिथून जहाज हाकतात तिथे, कळवलं नाही. सामुद्रधुनीत, चहूकडे जहाजं असताना, सगळे दिवे गेले. नऊ मिनिटं आम्ही नुसते वाहत होतो. मी खाली अंधारात टॉर्च धरून उभा होतो आणि आईचं नाव घेत होतो.

तू चीफ ऑफिसर आहेस. तुझ्या अबोल्याचा निरोप कोणता तरी विशीतला पोरगा इकडून तिकडे नेणार. साईन ऑन करायच्या, म्हणजे जहाजावर रुजू व्हायच्या, आधी कॅप्टनला फोन कर. गँगवेवरचं तुला लागलं हे त्याला सरळ सांग, खलाशांना नको. मी शनिवारी दादरला येतोय, संध्याकाळी घरी असशील ना? वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय