फिश टँक माडीवर ठेवताय? आधी वजन काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरात फिश टँक कसा सजवायचा यावर पानभर आलं, फोटो झकास होते, पण वजनाबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहायला बसलो.

मी दोन महिने ऑर्डरचा टँक करून घ्यायच्या मागे लागलोय. माप 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच. ठेवायचा होता माडीवर. आमचं घर शहापुरातलं जुनं, मातीच्या भिंती, माडीला लाकडी तुळया आणि वर फळ्या. ओळखीचे गवंडीमामा बघायला आले, पाणी किती मावतंय विचारलं, मी म्हटलं असेल शंभरेक लिटर. हिशोब केला तर 12 घनफूट, म्हणजे 340 लिटर, आणि लिटरला एक किलो! वर 12 एमएमची काच 75-80 किलो, वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरलं की पाचशे किलोच्या घरात. मामा म्हणाले, "50 किलोची दहा पोती तुळईवर रचून खाली झोपशील काय रे?" मग काय, टँक खाली सोप्यात.

स्टँड उद्यमबागेत अँगल वेल्ड करून घेतलं, पाणसळ लावून बघितलं, काचेखाली थर्माकोल घातलं कारण खाली बारीक खडा राहिला तरी तिथनंच काच तडकते. काचा चिकटवायच्या सिलिकॉनचं मात्र बघून घ्या, बाथरूमसाठीच्या काही सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं, ते माशांना बाधतं.

आणि घाई. पूर्वी एका दुकानदारानं छोटा टँक, पाणी, मासे सगळं एकाच दिवशी बसवून दिलं, तिसऱ्या दिवशी सकाळी चार गोल्डफिश पालथे. नंतर कळलं, माशांच्या घाणीतनं अमोनिया तयार होतो, तो त्यांनाच विषारी, तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मासे तर मरतातच, हे जिवाणूपण मरतात, म्हणून पाणी निदान एक दिवस उघडं ठेवायचं नाहीतर क्लोरीन मारायचे थेंब घालायचे.

एवढं पुढच्या पुरवणीत चौकटीत छापा, सजावटीचे फोटो नंतर. आमच्या सोप्यात सध्या नुसतं पाणी आणि फिल्टरची गुरगुर चालू आहे, धाकटी रोज शाळेतनं आली की काचेला नाक लावून विचारते, पप्पा, मासे कुठं लपलेत?

एक वाचक,
शहापूर, बेळगाव