हजच्या वर्गात चालणंही शिकवा

संपादक महोदय,

हज यात्रेकरूंच्या प्रशिक्षण वर्गाची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतच्या फोटोत मंचावर पाच जण बसलेत, पाचही पुरुष. २०२४ साली मी आणि माझे मिस्टर अशाच एका वर्गाला गेलो होतो. एहराम म्हणजे हजची वस्त्रं कशी बांधायची, तलबिया ही हजची प्रार्थना कशी म्हणायची, जमरातला, म्हणजे सैतानाच्या खांबांना, खडे किती मारायचे, सगळं मन लावून शिकवलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आणि तिकडे गेल्यावर जे भोगलं, पाहिलं, त्यातलं फार थोडं त्या वर्गात निघालं होतं.

चपलेचंच घ्या. मिस्टरांना चौदा वर्षांची शुगर. पहिल्याच आठवड्यात हरमच्या, म्हणजे मक्केच्या मोठ्या मशिदीच्या, दाराशी काढलेल्या चपला परत आल्यावर जागेवर नव्हत्या. हजारो चपलांच्या ढिगात कुठे शोधणार? आवारातला पांढरा संगमरवर भर उन्हातही थंड लागतो, त्यामुळे हे बिनधास्त अनवाणी निघाले. बसपर्यंतचा रस्ता मात्र डांबरी. शुगरवाल्याच्या तळपायाला चटका कळत नाही. अझीझिया भागातल्या आमच्या खोलीवर मी तळपाय पाहिले तेव्हा टाचेला रुपयाएवढा फोड. रोज ड्रेसिंग मीच केलं, म्हणून पाय वाचला. पण मिनाच्या तंबूंपासून जमरातपर्यंत त्यांना व्हीलचेअरवर न्यावं लागलं. एक कापडी पिशवी खांद्याला असती आणि चपला तिच्यात असत्या, तर एवढं रामायण झालं नसतं. नवी कोरी चप्पलही नेऊ नये, महिनाभर पायात घालून मऊ केलेलीच न्यावी.

दुसरं ऊन. त्या वर्षी मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. आम्ही कोकणातली माणसं, उकाडा म्हणजे घामाने भिजलेला झगा एवढंच ठाऊक. तिकडची हवा कोरडी, घाम अंगावरच सुकतो. त्यामुळे वाटतं, घाम येतच नाहीये, मग पाणी कशाला? आमच्या तंबूतल्या एक वयस्कर बाई अराफातच्या मैदानावरच्या, हजच्या मुख्य दिवशी दुपारी असंबद्ध बोलायला लागल्या. बरोबरच्यांना वाटलं, दुआत तल्लीन झाल्यात. मी कपाळाला हात लावला तर तवा. कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतून रुमालाने वारा घातला आणि डॉक्टरांना बोलावलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, सकाळपासून दोनच घोट प्यायले, संडासाच्या रांगेत कोण उभं राहणार? ही एकटीची गोष्ट नाही. मिनाच्या त्या रांगा पाहून कितीतरी बाया मुद्दाम पाणी तोडतात. एहरामात पुरुषांना डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते. पांढरी घ्या, आपली पावसाळ्यातली काळी नको.

आता ज्याबद्दल मंचावरचे पाच जण कधीच बोलणार नाहीत ते. पाळी असताना तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्या, करता येत नाही. तवाफे जियारत हा हजचा सक्तीचा तवाफ राहिला आणि परतीचं विमान ठरलेलं, या धास्तीने बाया पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. जावेने दिल्या, मेडिकलवाल्याकडून आणल्या, असं. प्रेशर असलेली, पूर्वी कधी पायात रक्ताची गाठ झालेली बाईसुद्धा कुणाला न विचारता सुरू करते. मधेच एखादा डोस चुकला की नको त्या दिवशी रक्तस्राव होतो आणि मग रडारड. डॉक्टरकडे दोन-तीन महिने आधी जायला हवं, गोळी सोसते का ते घरीच पाहायला हवं. हे एवढं तरी कुणी बाईने बायकांना सांगायला नको का?

मेंदुज्वराची लस निदान दहा दिवस आधी लागते आणि पोलिओचा डोसही द्यावा लागतो, ते शिबिरात होतंच. इन्सुलिन मात्र सामानाच्या बॅगेत टाकू नका. थर्मासात न्या आणि बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं तर वाया जातं. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि खसखस नको! सौदीत तिला बंदी आहे. आमच्या शेजारणीच्या घरच्या मसाल्यात ती होती, विमानतळावर जाण्याआधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

चालण्याची सवय हा खरा सराव. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या आसपास जातात, आणि जमरातला जाणं-येणं वेगळं. आम्ही निघण्याआधी तीन महिने फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर जगबुडीच्या पुलापर्यंत जाऊन येत होतो. पहिल्या आठवड्यात मिस्टर कुरकुरले. ओळखीचे लोक विचारायचे, हजला निघालात की शर्यतीला?

व्हिजिट व्हिसावर स्वस्तात हज करून देतो म्हणणारे गावोगाव फिरतात, त्यांच्याबद्दलही वर्गात स्पष्ट बोलावं. त्या वर्षी दगावलेल्या तेराशेहून अधिक लोकांत पाचांतल्या चारांहून जास्त जणांकडे हजचा परवाना नव्हता. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, गार बस नाही, सावलीसुद्धा नाही.

हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तरी कडक ऊन टळायला अजून काही वर्षं जातील. तोवर आयोजकांना एकच विनंती. दर वर्गात एक तास दवाखान्यातल्या माणसाला द्या, आणि बायकांचा तास वेगळा ठेवा. खेड, दापोली, मंडणगडात कुठेही बोलावलं तर मी एसटीने येईन, मानधन नको. त्या तासापुरतं पुरुषांनी बाहेर चहा घ्यावा.

– एक निवृत्त परिचारिका, खेड, जि. रत्नागिरी
(मिस्टरांच्या सांगण्यावरून नाव देत नाही, पायाचा किस्सा छापायला मात्र त्यांची परवानगी आहे.)