कोटेशनमधली मदरबोर्डची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की ठाणे स्टेशनबाहेर आणि वाशीत गेमिंग पीसीच्या ‘कॉम्बो’ची कोटेशन्स फिरू लागतात. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड अगदी मॉडेल नंबरासकट लिहिलेले असते. सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डपुढे मात्र मोघम ‘बी सिरीज’. पूर्ण मॉडेल नंबर लिहून मिळेपर्यंत पालकांनी ॲडव्हान्स देऊ नये.

या नावांत चकवा फार आहे. एएमडी या प्रोसेसर कंपनीचा बी८४० चिपसेट (बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) बी६५० पेक्षा नवा आणि आकड्यानेही मोठा, पण कुवतीने खालचा. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही, आणि चिपसेटच्या लेन (डेटा जाण्याचे मार्ग) जुन्या, संथ पीसीआयई ३.० च्याच असतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खोबणीचे) काही बोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. खाचा वेगळ्या जागी असल्याने चुकीची रॅम बसतच नाही. शिवाय १४व्या पिढीनंतर इंटेलने डेस्कटॉपसाठी एलजीए १८५१ आणले, तेव्हा एलजीए १७०० च्या बोर्डावर पुढचा प्रोसेसर चढवण्याची आशा नको. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आज एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

महागड्या बोर्डाने गेमचे फ्रेम्स वाढत नाहीत. एएमडीच्या महागड्या एक्स८७० चिपसेटचे जादा पैसे यूएसबी४ सारख्या सोयींना जातात. तेच ग्राफिक्स कार्डात घालावेत. काटकसर करू नये ती फक्त व्हीआरएममध्ये, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात. इंटेल १४७००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. उघड्या, हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नसलेल्या व्हीआरएमवर तो बसवला, की मे महिन्यात ठाण्यातल्या बिनएसीच्या खोलीत बोर्ड तापतो आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरला मात्र हीटसिंक असलेला साधा बी६५० पुरतो.

रॅमच्या दोनच कांड्या घ्याव्यात आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्यात लावाव्यात. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा हिशेब डीडीआर५ मध्ये अंगाशी येतो: रायझन ७००० मालिकेची रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा दोन कांड्यांना ५२००, चार लावल्या की ३६००. बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवण्याची सेटिंग, चालू केली नाही, तर ६००० ची रॅमही ४८०० सारख्या मूळ वेगानेच चालत राहते. एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) मोजताना मॅन्युअल उघडावे; काही बोर्डांवर त्यात एक एसएसडी लावली की साटाचे (वायरने जोडायच्या डिस्कचे) पोर्ट बंद पडतात.

बी६५० वर रायझन ९००० घालायचा, तर दुकानातला जुना स्टॉक बायोस अपडेटशिवाय सुरूच होणार नाही. म्हणून मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे (पेनड्राइव्हवरून थेट बायोस अपडेट करणारे) बटण असलेला बोर्ड घ्यावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेले नाव द्यायचे, खूण केलेल्या पोर्टात लावायचा, २४ पिन आणि ८ पिनच्या वायर जोडून बटण दाबून धरायचे. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटे काळीच राहते. बोर्ड तेव्हा डीडीआर५ चे ‘ट्रेनिंग’ करत, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो. या काळात घाबरून स्विच बंद-चालू करणारे बरेच. मग चांगला बोर्ड ‘डेड’ म्हणून लॅमिंग्टन रोडला परत नेला जातो.

आणि सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण कचऱ्यात टाकू नये. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात. त्या वाकल्या तर वॉरंटी सहसा मिळत नाही. बोर्ड सर्व्हिस सेंटरला पाठवताना हेच झाकण मागतात. जीएसटी बिलावर सीरियल नंबर आहे ना, तेही दुकानातून निघण्याआधी पाहून घ्यावे.

— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई