उंदराच्या पित्तनलिका आणि कोकणातील बाळे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘उंदराच्या पोटातील नळ्या पाहून कोकणातील माणसाला काय मिळणार?’ असा प्रश्न उंदराच्या यकृतातील पित्तनलिकांविषयीच्या आपल्या विज्ञानविषयक लेखावर एका वाचकाने गेल्या आठवड्यात विचारला आहे. उंदीर म्हटला की आपल्याकडे भाताच्या उडवीची नासाडी आणि पावसाळ्यातील लेप्टोच आठवतो, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्राणिशास्त्राची जुनी शिक्षिका म्हणून त्याला उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

पित्तनलिकांचे जाळे समजून घ्यायचे तर आमच्या वाशिष्ठी नदीचे खोरे डोळ्यांसमोर आणावे. पर्‍ह्यांचे, म्हणजे लहान ओहोळांचे, पाणी वहाळात, वहाळाचे नदीत आणि नदीचे दाभोळच्या खाडीत उतरते, तसेच यकृतातील सूक्ष्म नलिकांचे पित्त मोठ्या नलिकांत येत येत अखेर सामाईक पित्तनलिकेतून लहान आतड्यात पोहोचते. नेहमीच्या पद्धतीत यकृताचा तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप घेतात आणि नलिकांच्या पेशींतील केराटिन-१९ हे प्रथिन नेमके त्यालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवतात. पेशींची अवस्था त्यातून उत्तम कळते. मात्र काप म्हणजे खोऱ्यावर आडवी मारलेली एक रेघ. तिच्यावर पाण्याचे ठिपके दिसतात, कोणता पर्‍ह्या कोठे मिळाला आणि कोणता मध्येच आटला, हे दिसत नाही.

म्हणून नलिका आतून भराव्या लागतात. मृत उंदराची सामाईक पित्तनलिका एक मिलिमीटरहूनही बारीक असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात केसासारखी नळी सरकवून ती दोऱ्याने बांधतात आणि भरतीचे पाणी खाडीतून वर चढावे तशी शाई उलट दिशेने हळूहळू आत सोडतात. दाब वाढला तर नाजूक फांदी फुटून शाईचा डाग पडतो; कमी पडला तर टोकाच्या नलिका कोऱ्या राहतात आणि नसलेला रोग असल्याचा भास होतो, हे मला या तंत्रातील सर्वांत कठीण अंग वाटते. पुढे यकृतातील पाणी अल्कोहोलने काढून ते बेंझिल अल्कोहोल व बेंझिल बेंझोएट यांच्या मिश्रणात ठेवले की काचेसारखे पारदर्शक होते आणि आतील काळे जाळे अखंड दिसते.

शाईऐवजी रेझिन, म्हणजे आत घट्ट होणारा द्रव, भरून मायक्रो-सीटी या सूक्ष्म क्ष-किरण यंत्रावर त्रिमित चित्रही घेता येते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पित्तनलिकांत एक आणि पोर्टल व्हेन या शिरेत दुसरे, अशी क्ष-किरणांत वेगळी उमटणारी दोन रेझिने भरली जातात. अलाजिल सिंड्रोम या आजारात यकृतात पित्तनलिका फार कमी असतात. या आजारासारखाच दोष असलेल्या उंदरांत मोठेपणी नलिकांची एकूण मात्रा भरून निघाली होती, पण त्यांची घडण निरोगी उंदरासारखी नव्हती. केवळ ठिपके मोजून हे कळले नसते.

हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या भाचीच्या बाळाची कावीळ महिना उलटूनही उतरत नव्हती, शी आंबोळीच्या पिठासारखी पांढुरकी होत होती आणि आम्हाला कोवळे ऊन दाखवण्यापलीकडे काहीही सांगण्यात आले नाही. मुंबईस पोहोचेपर्यंत अडीच महिने झाले. बाळाच्या यकृताबाहेरील पित्तनलिका बंद झाल्या होत्या. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया अशा बाळांवर करतात, पण साधारण पहिल्या दोन महिन्यांत झाली तरच तिचा गुण चांगला येतो. नलिका पुन्हा वाढू शकतात का, वाढल्या तर कोठून, हा त्यामुळे आमच्यासारख्या घरांचाही प्रश्न आहे.

आपण मूळ लेखाचा पुढील भाग छापाल, तेव्हा कृपया काप आणि भरलेले जाळे यांची चित्रे शेजारी-शेजारी द्यावीत; आणि दोन आठवड्यांनंतरही बाळाची कावीळ टिकली किंवा शी पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, हे त्यांखाली ठळक अक्षरांत छापावे. कळावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी