गिचमिड अक्षर लावून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतून तुमचे आभार मानून झाले आहेत. तरीही हे पत्र मराठीत आणि जाहीरपणे लिहिते आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका साध्या शिपायानं बायकोला लिहिलेली पत्रं मला वाचता आली ती तुमच्यामुळे, आणि हे मराठी वाचकांनाही कळावं असं मनापासून वाटतं. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव मात्र घेत नाही.

ही पत्रं १८६२-६३ च्या हिवाळ्यातली. १३ डिसेंबरला व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला जबर मार खाऊन उत्तरेची, म्हणजे अध्यक्ष लिंकनच्या बाजूची, पोटोमॅक सेना रॅपाहॅनक नदी ओलांडून परतली आणि फाल्मथच्या आसपास तळ ठोकून बसली. आपला शिपाई तिच्यातलाच. पत्रांच्या प्रती समोर होत्या, पण अक्षर काही केल्या लागेना. कागद पुरवायचा म्हणून त्यानं भरलेलं पान आडवं फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा मजकूर लिहिलेला. पूर्णविराम नाहीत, शब्द कानाला ऐकू आले तसे लिहिलेले.

तुम्ही नुसता उतारा पाठवून मोकळ्या झाला असतात, तरी माझं काम भागलं असतं. पण तुम्ही मला अक्षर लावायला शिकवलंत. पान जरा तिरकं धरायचं आणि एकाच दिशेच्या ओळींवरून नजर न्यायची, म्हणजे आडव्या ओळी हळूहळू मागे सरतात. लागोपाठ दोन 'एस' आले की पहिला लांबुडका असतो, थेट 'एफ'सारखा दिसतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पत्राचा मायना. हाती लेखणी घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, तुम्हीही सगळे खुशाल असाल, अशी ती ठरीव सुरुवात त्या काळच्या असंख्य शिपायांच्या पत्रांत सापडते. आपल्या 'पत्रास कारण की' सारखीच. तो मजकूर आधीच ठाऊक असतो, म्हणून त्यावरून त्या माणसाच्या अक्षराचं वळण ओळखायचं आणि मग पुढच्या अवघड ओळींकडे वळायचं. हे तुम्ही सांगितलंत आणि पानं वाचता येऊ लागली. जिथे तुम्हालाही शब्द लागला नाही, तिथे तुम्ही जागा कोरी सोडलीत, अंदाजानं काही बसवलं नाहीत. त्याच्या चुकाही सुधारल्या नाहीत. याबद्दल तुमच्याविषयी फार आदर वाटतो.

बायकोची पत्रं उरलेली नाहीत. शिपायांना आलेली पत्रं पाठपिशवीत भिजायची, हरवायची. परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून लढाईआधी काहीजण ती स्वतःच जाळून टाकत. तुम्ही म्हणालात, त्याची उत्तरं वेगळी काढा, म्हणजे तिचे प्रश्न दिसतील. तसं केलं आणि घर उभं राहिलं. गाय विकावी का? धाकट्याचा खोकला कुठवर आला? पैसे कधी पाठवतोस? पगार होता महिन्याला १३ डॉलर, पण त्या हिवाळ्यात कित्येक पलटणींचा पगार महिनोन् महिने थकला होता. १८६१ पासून उत्तरेच्या शिपायांना तिकीट न लावता पत्र टाकता येई. लिफाफ्यावर 'सोल्जर्स लेटर' असं लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, आणि तीन सेंट पत्र मिळालेल्या घरानं भरायचे. म्हणजे घरी पैसे पोचायच्या आत घरातलेच जात. ती अधिकाऱ्याची सही माझ्या नजरेतून निसटली असती. तिच्यावरून पलटण शोधता येते हेही तुम्हीच दाखवलंत.

प्रत्येक पत्रात कोण आजारी पडलं याची यादी असते. आधी ती मला नुसती ख्यालीखुशाली वाटे. या युद्धात मेलेल्या शिपायांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगराईनं गेले, हे तुम्ही लक्षात आणून दिल्यावर त्या याद्या मी फार सावकाश वाचू लागले.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. एवढ्यावरच थांबू नका, म्हणत तुम्ही मला कृष्णवर्णीय शिपायांच्या पत्रांकडे वळवलंत. त्यांना महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे तीन वजा. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीनं असा कमी पगार घ्यायलाच नकार दिला. तिच्यातल्या जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलनं सप्टेंबर १८६३ मध्ये थेट अध्यक्ष लिंकनना पत्र लिहून विचारलं, आम्ही शिपाई आहोत की मजूर? समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. गुडिंग पुढच्याच महिन्यात अँडरसनव्हिलला, दक्षिणेच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, वारला. घरी बसलेल्या बायकामुलांनी ते बिनपगारी महिने कसे काढले असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

आपल्या शिपायाच्या पत्रांचा मराठी अनुवाद आता सुरू केला आहे. तुम्ही कोऱ्या सोडलेल्या जागा मीही कोऱ्याच ठेवल्या आहेत. वसंतातली पत्रं उतरवून झाली की सवडीनं कळवा. या खेपेला आडव्या ओळी आधी मी लावून बघेन, मग तुम्ही तपासा.

तुमची कृतज्ञ,
एक मराठी वाचक